मायक्रोस्कोपचा कॅमेरा कॉम्प्युटरला जोडताना: अ‍ॅडॉप्टरपासून मोजपट्टीपर्यंत

गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झाली की नाशिककडच्या पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या बागांमधून द्राक्षाची पाने तपासायला येऊ लागतात आणि प्रश्न ठरलेला असतो: पानावरचा हा पांढरा थर डाऊनीचा की भुरीचा, म्हणजे दोनपैकी कुठल्या रोगाचा? मायक्रोस्कोपखाली याचे उत्तर चटकन मिळते. भुरीचे बीजाणू लंबगोल, साधारण ३० ते ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि साखळीने लागलेले असतात. डाऊनीची बीजाणुधानी त्याहून लहान, लिंबाच्या आकाराची आणि फांद्या फुटलेल्या दांड्यांच्या टोकाला असते. एवढेच दाखवायचे असेल तर आयपीसला मोबाइल टेकवून काढलेला फोटो पुरतो. मात्र "लहान" म्हणजे किती, गेल्या आठवड्याच्या नमुन्यात मोजलेले आणि आजचे जुळते का, एका मिलिलिटरमध्ये किती बीजाणू, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. मोबाइल थोडा मागेपुढे झाला की प्रमाण बदलते, आणि आतले सॉफ्टवेअर न विचारता कडा धारदार करते.

आपल्याला हवा असा फोटो, ज्यातल्या एका पिक्सेलची लांबी किती मायक्रॉन हे ठाऊक आहे आणि जो प्रत्येक वेळी तेवढाच येतो. पुढची सगळी जुळवाजुळव त्या एका आकड्यासाठी आहे. उदाहरणासाठी आम्ही महाविद्यालयांच्या आणि खासगी कृषी प्रयोगशाळांच्या आवाक्यातला संच धरला आहे: ४एक्स, १०एक्स, ४०एक्स, १००एक्स ऑब्जेक्टिव्हचा (नमुन्याजवळच्या भिंगांचा) ट्रायनॉक्युलर, म्हणजे दोन आयपीस आणि कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला मायक्रोस्कोप, २० फील्ड नंबरचे (आतून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये) आयपीस, ६.३ मेगापिक्सेलचा रंगीत यूएसबी ३.० कॅमेरा (३०७२ × २०४८ पिक्सेल, एक पिक्सेल २.४ मायक्रॉनचा), कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडणारा ०.५एक्सचा सी-माउंट अ‍ॅडॉप्टर आणि विंडोज लॅपटॉप. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या धातू तपासणीच्या प्रयोगशाळांत प्रकाश वरून येतो आणि कव्हरस्लिप नसते, तेवढा फरक सोडला तर बाकीचे जसेच्या तसे लागू पडते.

मेगापिक्सेल नंतर, अ‍ॅडॉप्टर आधी

दुकानात पहिली चौकशी मेगापिक्सेलची होते. ती शेवटी करायची. मायक्रोस्कोप किती बारीक तपशील वेगळा दाखवू शकतो हे ऑब्जेक्टिव्हच्या एनएवर (न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते त्याचे माप) ठरते; हा आकडा ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला असतो. हिशेब सोपा आहे: ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, भागिले एनए. हिरव्या प्रकाशासाठी ०.५५ मायक्रॉन धरा. ४०एक्स/०.६५ च्या ऑब्जेक्टिव्हला ०.५२ मायक्रॉन मिळतात, १०एक्स/०.२५ ला १.३४.

आता कॅमेऱ्याची बाजू. नमुन्यावर एक पिक्सेल किती जागा व्यापतो ते काढायला सेन्सरच्या पिक्सेलचा आकार ऑब्जेक्टिव्ह आणि अ‍ॅडॉप्टर यांच्या गुणाकाराने भागायचा. ४०एक्सला २.४ ÷ (४० × ०.५) = ०.१२ मायक्रॉन. १०एक्सला ०.४८ मायक्रॉन. म्हणजे ४०एक्सवर सर्वांत बारीक तपशिलाला चारहून थोडे जास्त पिक्सेल मिळतात, १०एक्सवर पावणेतीन. किमान दोन हवेत. रंगीत सेन्सरमध्ये निम्मे पिक्सेल हिरव्याचे आणि पाव-पाव लाल-निळ्याचे असतात, म्हणून अडीच-तीन असलेले बरे. याच आकाराच्या सेन्सरवर २० मेगापिक्सेल कोंबले तर फाइल तिप्पट होईल, ४०एक्सवर चित्रात नवे काही दिसणार नाही.

अ‍ॅडॉप्टरने मात्र खूप काही बदलते. आयपीसमधून दिसणारे वर्तुळ २० मिमी व्यासाचे आहे. आपला सेन्सर सुमारे ७.४ × ४.९ मिमीचा, कर्ण ८.९ मिमी. १एक्सचा अ‍ॅडॉप्टर लावला तर डोळ्याला दिसणाऱ्या क्षेत्राचा जेमतेम ११-१२ टक्के भाग पडद्यावर येतो. "आयपीसमध्ये एवढे दिसते, कॉम्प्युटरवर एवढेच का?" ही तक्रार येते ती इथूनच. ०.५एक्स लावला की तोच भाग ४६ टक्क्यांवर जातो, आणि कर्ण १७.७ मिमी होत असल्याने २० च्या वर्तुळात मावतो. म्हणून नियम असा लक्षात ठेवा: सेन्सरचा कर्ण भागिले अ‍ॅडॉप्टरचा आकडा, हे उत्तर फील्ड नंबरपेक्षा थोडे कमी असावे. १/३ इंची सेन्सरला (कर्ण ६ मिमी) ०.३५एक्स जमतो. १ इंची सेन्सरला (कर्ण १६ मिमी) १एक्स जमतो, त्याला ०.५एक्स लावला तर ३२ मिमी होतात आणि चारही कोपरे काळे पडतात. सेन्सरच्या नावातला "इंच" हा प्रत्यक्ष माप नाही, त्यामुळे पट्टीने मोजून पडताळायला जाऊ नका; माहितीपत्रकातला कर्ण किंवा पिक्सेलचा आकार घ्या.

सी-माउंटचा आटा २५.४ मिमी व्यासाचा आणि एका इंचात ३२ पेचांचा असतो, आणि माउंटच्या टेकणाऱ्या कडेपासून सेन्सरपर्यंतचे अंतर १७.५ मिमी. सीएस-माउंटचा आटा तोच, अंतर मात्र १२.५ मिमी. त्यामुळे सीएस कॅमेरा सी अ‍ॅडॉप्टरवर छान बसतो आणि फोकस मात्र कधीच आयपीसशी जुळत नाही. मध्ये ५ मिमीची रिंग टाकायची. कॅमेऱ्याच्या खोक्यात बहुधा ती असते, आणि बहुधा कोणीतरी ती पॅकिंगचा तुकडा समजून टाकून देते.

अ‍ॅडॉप्टरचे दुसरे टोक ट्रायनॉक्युलर नळीत बसते. २३.२, ३० आणि ३०.५ मिमी ही नेहमीची मापे. काही कंपन्यांचे डव्हटेल (तिरकस कडांचा जोड) वेगळे असते. व्हर्नियरने आतला व्यास मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. अर्ध्या मिलिमीटरचा खुळखुळ असेल तर कॅमेरा तिरका बसतो आणि चित्राची एक बाजू धूसर राहते. कागदाच्या घड्या घालून भागवण्यापेक्षा अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर डेलरिन या टणक प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बाही फिरवून घ्या. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आतून मॅट काळी हवी, नाहीतर चकाकीने चित्राच्या मध्यभागी फिकट डाग येतो.

कॉम्प्युटर आणि केबल

३०७२ × २०४८ चे एक चित्र ८ बिटमध्ये सुमारे ६.३ एमबी असते. यूएसबी २.० वरून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी जातात, म्हणजे सहाएक चित्रे. स्टेज (नमुना ठेवायची चौकट) हलवली की चित्र मागून रांगत येते आणि फोकस लावताना चिडचिड होते. यूएसबी ३.० वरून ३५० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे पन्नासेक चित्रे. मग हात आणि पडदा बरोबर चालतात. प्रोसेसर भारी नसला तरी चालेल. ८ जीबी रॅम, एसएसडी आणि एक खरा यूएसबी ३.० पोर्ट एवढे पुरे. एसएसडी कशाला, तर व्हिडिओसाठी: सेकंदाला ३० चित्रांनी १९० एमबी लिहावे लागतात, आणि साधी हार्ड डिस्क तिथे दम टाकते.

केबल ३ मीटरच्या आत ठेवा. कॅमेऱ्याबरोबर येते तीच वापरा. लांब हवी असेल तर अ‍ॅक्टिव्ह केबल घ्या. पोर्टातून ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर मिळतात; त्यावर कॅमेरा चालतो, पण त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्क लावली की कॅमेरा मध्येच गायब होतो. म्हणून कॅमेरा थेट लॅपटॉपला. थंड करण्याची सोय असलेल्या कॅमेऱ्यांना १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. तो आधी, यूएसबी नंतर. आणि वायरलेस माउसचे डोंगल कॅमेऱ्याच्या पोर्टला चिकटून लावू नका. यूएसबी ३.० ची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते, माउस अडखळतो आणि दोष कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरला दिला जातो.

आधी सॉफ्टवेअर, मग केबल

ड्रायव्हर बसवण्याआधी कॅमेरा लावला तर विंडोज स्वतःच्या मर्जीने एखादा ड्रायव्हर चिकटवते, आणि मग खरा बसत नाही. म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचे ६४ बिट सॉफ्टवेअर उतरवा, बसवा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा आणि त्यानंतरच केबल जोडा. खोक्यातल्या सीडीवरची आवृत्ती बहुतेक वेळा जुनी असते.

प्लग एका दमात, पूर्ण आत घाला. या प्लगमध्ये यूएसबी २.० च्या पट्ट्या आधी टेकतात आणि ३.० च्या नंतर. हळूहळू सरकवला तर कॉम्प्युटर कॅमेऱ्याला २.० समजून बसतो. जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडा. कॅमेरा नावानिशी दिसला आणि पिवळा त्रिकोण नसला की झाले. त्रिकोण असेल तर त्या नोंदीवर उजवी क्लिक करून ड्रायव्हरसह काढून टाका, केबल काढा आणि पहिल्यापासून करा.

दोन सेटिंग आताच उरकून घ्या. पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ दिसतच नाही, तिथे डिव्हाइस मॅनेजरमधल्या यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये "वीज वाचवण्यासाठी हे बंद करू द्या" ही खूण काढा. दुसरे, वेबकॅमसारखा चालणारा कॅमेरा असेल तर प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅपना कॅमेऱ्याची परवानगी द्या. ती नसली की सॉफ्टवेअर उघडते, कॅमेऱ्याचे नाव दाखवते आणि पडदा काळा ठेवते.

चित्र टिपायला निर्मात्याचे सॉफ्टवेअर पुरते. मोजायला इमेजजे किंवा त्याची भरीव आवृत्ती फिजी घ्या. दोन्ही मोफत आहेत. ज्या कॅमेऱ्यांना मायक्रो-मॅनेजर हे कॅमेरा चालवणारे सॉफ्टवेअर ओळखते, तिथे टिपणेही त्यातून करता येते.

बसवणे आणि पहिले चित्र

पंखा बंद करा. कॅमेऱ्याचे झाकण आणि अ‍ॅडॉप्टरचे झाकण ही दोन्ही काढून कॅमेऱ्याचे तोंड खाली धरा आणि आटा जुळवा. पेच सुरुवातीला उलट्या दिशेने पाव फेरा फिरवला की "टक" असे बसल्याचे जाणवते, मग सुलट फिरवा. जोर लावू नका. अ‍ॅल्युमिनियमचा आटा एकदा ओरबाडला की कॅमेरा कायमचा तिरका. केबलचा भार कॅमेऱ्यावर पडू नये म्हणून ती स्टँडच्या मागे पट्टीने बांधा, थोडी ढिली सोडून.

सॉफ्टवेअर सुरू केले आणि पडदा काळा आहे? मायक्रोस्कोपच्या डोक्यावरचा दांडा ओढा. ट्रायनॉक्युलरमध्ये प्रकाश आयपीस आणि कॅमेरा यांच्यात वाटणारा प्रिझम त्या दांड्याला जोडलेला असतो. काही मायक्रोस्कोपांत तो अर्धाअर्धा वाटतो, काहींत सगळाच्या सगळा एका बाजूला देतो. "कॅमेरा बिघडला" म्हणून येणाऱ्या फोनांमध्ये हा दांडा मोठा हिस्सेदार आहे.

१०एक्सवर काहीतरी ठळक स्लाइड लावा आणि स्टेज फक्त डावी-उजवीकडे सरकवा. पडद्यावरचे चित्र तिरके सरकत असेल तर कॅमेरा अ‍ॅडॉप्टरसकट नळीत फिरवून सरळ करा, मग बाजूचा स्क्रू आवळा. उलटसुलट असेल तर सॉफ्टवेअरमधले फ्लिप वापरा, पण एकदाच ठरवून.

आता आयपीस आणि कॅमेऱ्याचा फोकस जुळवायचा. इथे बहुतेक जण ४०एक्सवर अ‍ॅडॉप्टरची रिंग फिरवत बसतात, आणि तिथे रिंग कितीही फिरवली तरी फारसा फरक दिसत नाही. कारण असे की नमुन्याच्या बाजूला मोठ्या ऑब्जेक्टिव्हची फोकसची खोली अगदी कमी असते, पण सेन्सरच्या बाजूला उलट. तिथे लहान ऑब्जेक्टिव्ह जास्त नाजूक असते. म्हणून दोन टप्प्यांत करा. आधी ४०एक्सवर आयपीसमधून बारीक नॉबने नेमका फोकस लावा. मग फोकसचा नॉब अजिबात न हलवता ४एक्सवर या. दोन्ही आयपीसचे डायऑप्टर (डोळ्याच्या नंबरासाठी फिरणारी रिंग) आपापल्या डोळ्यांना जुळवा, आणि त्यानंतर पडद्याकडे पाहत अ‍ॅडॉप्टरची रिंग फिरवून चित्र धारदार करा. रिंग नसेल तर अ‍ॅडॉप्टर नळीत मिलिमीटरभर वर-खाली सरकवा. पुन्हा ४०एक्सवर जाऊन तपासा. जुळले की रिंगवर मार्करने खूण करून ठेवा, कारण कोणीतरी ती फिरवणारच.

प्रकाश

कॅमेरा महागातला आणि चित्र राखट, असे दिसले की कंडेन्सरकडे, म्हणजे स्टेजखालच्या प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाकडे पाहावे. १०एक्सवर नमुना फोकस करा. खालचा, दिव्याजवळचा फील्ड डायफ्रॅम (प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारी पडदी) बंद करा. अंधारात उजेडाचा बहुकोन दिसेल. कंडेन्सर वर-खाली करून त्या बहुकोनाच्या कडा स्पष्ट करा, दोन स्क्रूंनी तो मध्यावर आणा, मग डायफ्रॅम दृश्याच्या जरासा बाहेर जाईल इतपत उघडा. कंडेन्सरचा स्वतःचा डायफ्रॅम ऑब्जेक्टिव्हच्या एनएच्या ७० ते ८० टक्क्यांवर ठेवा. तो फार मिटवला की चित्र ठसठशीत दिसते खरे, पण बीजाणूच्या कडेभोवती दुहेरी रेषा येतात आणि माप फुगते. विद्यार्थ्यांच्या साध्या मायक्रोस्कोपात फील्ड डायफ्रॅम नसतो. तिथे दिव्याच्या काचेवर पेन्सिलचे टोक आडवे ठेवून ते नमुन्याबरोबर फोकसमध्ये येईपर्यंत कंडेन्सर हलवा, मग पेन्सिल काढा.

सॉफ्टवेअरमध्ये ऑटो एक्स्पोजर बंद, गेन (सेन्सरच्या संकेताची वाढ) सर्वांत कमी, शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन शून्य. मोजणीसाठी गॅमा १. स्लाइडवरची रिकामी जागा समोर आणा आणि हिस्टोग्राम पाहत एक्स्पोजर असे ठेवा की पार्श्वभूमी २५५ पैकी २०० ते २३० च्या दरम्यान बसेल. २५५ ला टेकली की तिथली माहिती गेली, नंतर कोणत्याही युक्तीने परत येत नाही. त्याच रिकाम्या जागेवर व्हाइट बॅलन्सचे बटण एकदा दाबा आणि मग ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद करा. हॅलोजन दिवा असेल तर त्याची तेजस्विता एका खुणेवर ठेवा. दिवा मंद केला की तो तांबडा होतो आणि व्हाइट बॅलन्स पुन्हा करावा लागतो.

पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर ते दिव्याचे आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. एक्स्पोजर १०, २० किंवा ४० मिलिसेकंद ठेवले की पट्टे जातात. स्वस्त एलईडीत मंद करण्यासाठी दिवा झपाट्याने चालू-बंद केला जातो. तिथे हा उपाय पुरत नाही. दिवा पूर्ण तेजावर ठेवा आणि मध्ये करडा न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर टाका.

चित्राचे कोपरे मध्यापेक्षा काळपट असतील तर रिकाम्या जागेचे एक चित्र घेऊन सॉफ्टवेअरमधले फ्लॅट फील्ड करेक्शन चालू करा. इमेजजेमध्ये करायचे तर इमेज कॅल्क्युलेटरने मूळ चित्राला रिकाम्या चित्राने भागा, ३२ बिटची खूण करून. ऑब्जेक्टिव्ह बदलले की रिकामे चित्रही नवे घ्यायचे.

मोजपट्टी

इथे घाई करू नका. लागते ती स्टेज मायक्रोमीटर: काचेवर १ मिमीचे १०० भाग केलेली, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. ती नसेल तर न्यूबॉअर चेंबरही (पेशी मोजायची, चौकोन कोरलेली काच) चालतो. त्यात सर्वांत लहान चौकोन ५० मायक्रॉनचा असतो. पण चेंबरची काच जाड असल्याने तो ४एक्स आणि १०एक्सपुरताच भरवशाचा.

कॅमेरा पूर्ण ३०७२ × २०४८ वर ठेवा. मायक्रोमीटर फोकस करा, रेघा चित्राच्या कडेला समांतर करा, टिपा. इमेजजेमध्ये सरळ रेषेचे साधन घ्या, शिफ्ट दाबून जितकी लांब मिळेल तितकी रेषा ओढा, आणि नेहमी एका रेघेच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या रेघेच्या डाव्याच कडेपर्यंत. रेघेला स्वतःची जाडी असते. १०एक्सवर १००० मायक्रॉनला सुमारे २०८३ पिक्सेल येतील, ४०एक्सवर १०० मायक्रॉनला सुमारे ८३३. मग अ‍ॅनालाइझ मेनूतल्या सेट स्केलमध्ये ज्ञात अंतर आणि एकक भरा. चित्राच्या तीन वेगवेगळ्या जागी मोजा आणि सरासरी घ्या. कडेला आणि मध्याला आकडे ठळकपणे वेगळे आले तर अ‍ॅडॉप्टरची भिंग चित्र वाकवते आहे. त्या कॅमेऱ्यावर मोजणी मध्यभागातच करा.

कागदावरचा हिशेब आणि मोजलेला आकडा यांत थोडा फरक पडणारच, कारण ०.५एक्स लिहिलेला अ‍ॅडॉप्टर नेमका ०.५ नसतो. मोजलेला आकडा खरा धरा. पण फरक दुपटीचा असेल तर थांबा. बहुतेक वेळा प्रिव्ह्यू १५३६ × १०२४ वर असतो, आणि चित्र त्याच मापात साठवले गेलेले असते. तिथे ४०एक्सचा पिक्सेल ०.१२ ऐवजी ०.२४ मायक्रॉनचा होतो. रिझोल्यूशन बदलले, अ‍ॅडॉप्टर बदलला, डिजिटल झूम लावला, की जुना आकडा बाद. इमेजजेमधल्या "ग्लोबल" खुणेची विशेष काळजी घ्या: ती ठेवली तर १०एक्सची मोजपट्टी निमूटपणे ४०एक्सच्या चित्रांनाही लागते, आणि बीजाणू चौपट मोठे निघतात. झटपट पडताळणी हवी असेल तर रक्ताची पातळ स्लाइड पाहा. माणसाची लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची. तुमची ३० ची आली तर दोष रक्तात नाही.

बीजाणू मोजताना चेंबरचा १ मिमीचा चौकोन १०एक्सवर एका चित्रात बसवायचा मोह होतो. आपल्या संचात दृश्य सुमारे १४७५ × ९८३ मायक्रॉनचे आहे, म्हणजे उंचीला तो थोडक्यासाठी मावत नाही. सुधारित न्यूबॉअरमधल्या मधल्या चौकोनाचे ०.२ मिमीचे २५ भाग असतात. त्यातले ठरलेले पाच टिपा, त्यांची बेरीज पाचाने गुणा, आणि आलेल्या आकड्याला १०,००० ने गुणले की मिलिलिटरमागे संख्या मिळते. नमुना पातळ केला असेल तर तो गुणक विसरू नका. डाऊनीचा नमुना पाण्यात जास्त वेळ ठेवू नका. बीजाणुधानी फुटून चलबीजाणू बाहेर पडतात आणि मागे रिकामी टरफले मोजली जातात. आणि अगदी गोल, जाड काळ्या कडेचे जे दिसते तो हवेचा बुडबुडा.

४०एक्सला एका वेळी जेमतेम एक-दीड मायक्रॉन जाडीचाच थर धारदार दिसतो. त्यामुळे अख्खा बीजाणू एकदम स्पष्ट येत नाही म्हणून कॅमेऱ्याला दोष देऊ नका. मापासाठी ज्या फोकसला बाहेरची कड सर्वांत स्पष्ट आहे तो घ्या, दर वेळी तोच. ४०एक्सवर फोकसच लागत नसेल तर स्लाइड उलटी ठेवलेली नाही ना ते पाहा. कव्हरस्लिप ०.१७ मिमीचीच हवी. ऑब्जेक्टिव्हवर तो आकडा कोरलेला असतो.

साठवणूक

मूळ चित्र टिफमध्ये. रंगीत ८ बिट टिफ सुमारे १९ एमबीचा होतो, शंभर चित्रांना १.९ जीबी. जेपीजी फक्त पाठवण्यासाठी; त्यातले ८ × ८ पिक्सेलचे चौकडे बारीक कडा खातात. मोजपट्टी चित्राच्या प्रतीवर छापा, मूळ चित्र कोरे ठेवा. बागायतदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि चित्रावर पट्टी छापलेलीच असू द्या. चित्र कितीही लहान झाले तरी पट्टीही त्याच प्रमाणात लहान होते. नुसते "४०एक्स" लिहिण्याला पडद्यावर काही अर्थ उरत नाही.

फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, मग गाव, प्लॉट, ऑब्जेक्टिव्ह, अनुक्रमांक. नाव आणि फोल्डर रोमन लिपीतच ठेवा. कॅमेऱ्यांची काही सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरात फाइल लिहीत नाहीत आणि तसे सांगतही नाहीत. आपोआप क्लाउडवर जाणाऱ्या फोल्डरात थेट टिपू नका, दिवस संपल्यावर कॉपी करा.

डाग, खंड आणि नाशिकची हवा

डाग कुठला आहे हे शोधायला एकेक भाग हलवा. स्लाइडबरोबर सरकला तर स्लाइडवर. कंडेन्सर हलवल्यावर सरकला तर तिथे. कॅमेरा अ‍ॅडॉप्टरमध्ये थोडा फिरवला आणि चित्र फिरूनही डाग पडद्यावर जागच्या जागी राहिला तर तो सेन्सरच्या काचेवर. आधी रबरी ब्लोअर, तोंडाने फुंकर नाही. तरीही राहिला तर लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, एकदाच, हलक्या हाताने.

काम चालू असताना कॅमेरा तुटत असेल तर वेळ लिहून ठेवा. फ्रीजचा किंवा एसीचा कॉम्प्रेसर सुरू होण्याची वेळ आणि ती जुळली तर अर्थिंग तपासून घ्या; मायक्रोस्कोप आणि लॅपटॉप एकाच तीन पिनांच्या बोर्डावर, यूपीएसमागे असावेत. वेळ जुळत नसेल तर केबल बदलून पाहा, मग पोर्ट.

मे महिन्यात पारा ४० च्या घरात जातो. सेन्सरचा अंधारातला प्रवाह (उजेड नसतानाही तयार होणारा संकेत) दर ६-७ अंशांना साधारण दुप्पट होतो. उजेडातल्या २० मिलिसेकंदांच्या चित्रात ते कळतही नाही. फ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे नमुना स्वतःच मंद चमकतो त्या चित्रासाठी काही सेकंदांचे एक्स्पोजर द्याल तेव्हा मात्र पांढरे ठिपके दिसतील. अशा कामाला एकरंगी, थंड केलेला कॅमेरा घ्या, आणि झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरचे काळे चित्र घेऊन ते वजा करा. थंडीत उलट अडचण: निफाडकडे पारा एक अंकी होतो, रात्रभर गार पडलेले उपकरण उबदार खोलीत आणले की सेन्सरच्या काचेवर दव धरते. खोक्यातून न काढता तासभर तसेच राहू द्या.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, जाळीसारखी, कडेपासून आत. कॅमेरा नळीवरच ठेवणार असाल तर काढू नका, वर आच्छादन घाला आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा. काढून ठेवणार असाल तर दोन्ही झाकणे लावून हवाबंद डब्यात. निळे जेल गुलाबी झाले की १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येते. प्लॅस्टिकच्या पुडीतून आधी वाटीत काढून घ्या, आणि तो ओव्हन खाण्याच्या पदार्थांचा नसावा. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट क्लोराइड असते. कॅमेरा पुन्हा बसवला की अ‍ॅडॉप्टरवरची खूण जुळवा आणि १०एक्सवर मायक्रोमीटरचे एक चित्र काढून आकडा वहीत लिहा.